थंडीत ट्रॅक्टर सकाळी चालू होत नाही: टर्मिनलपासून पंपापर्यंत काय, कुठल्या क्रमानं बघायचं

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात डिसेंबर लागला की सकाळी सहा-साडेसहाला येणारे फोन एकाच तक्रारीचे असतात. काल संध्याकाळी ट्रॅक्टर व्यवस्थित चालवून लावला, आज उचलतच नाही. द्राक्षबागेत दव पडलेलं असतं, ते झटकायला नुसता ब्लोअर फिरवायचा असतो, किंवा ऊन वर यायच्या आत फवारणी उरकायची असते. घाईत माणूस सेल्फ मारत राहतो, बॅटरी बसते, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून ओढतात. ओढला की चालू होतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही मळ्यांत तर ट्रॅक्टर कायम उतारावर लावलेला दिसतो, त्यावरूनच मालकानं दुरुस्तीचा नाद सोडलाय हे कळतं.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर आला की पेपरात बातमी येते. पिकाला ती थंडी जबर आहे, पण डिझेल इंजिनाच्या मानानं काहीच नाही. पंजाब-हरियाणात हेच ट्रॅक्टर याहून गार सकाळी कामाला लागतात. धडधाकट इंजिन पाच अंशांत पेट्रोल, शेकोटी, धक्का यांपैकी काहीही न लागता चालू झालंच पाहिजे. उन्हाळ्यात झाकून राहिलेला बिघाडच थंडीत उघडा पडतो, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तातला असतो.

झाकून राहतो तो का, हे समजून घेतलं तर पुढचा क्रम आपोआप पटेल. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला आणि गार भिंतींना उष्णता द्यायला भरपूर वेळ मिळतो. म्हणजे पेटायला जे लागतं तेच कमी पडतं. त्यात गार ऑइल घट्ट, म्हणून फिरवायला जोर जास्त. आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी पाच अंशांवर आपली पाचवा हिस्सा तरी ताकद गमावून बसलेली. तीन बाजूंनी थोडं थोडं कमी होतं. मे महिन्यात ढिलं टर्मिनल, जुनी बॅटरी किंवा गळका नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खपून जातो तो याचमुळे.

आधी लक्षण ओळखा

काहीही खोलण्याआधी एकदा, फक्त एकदा, सेल्फ मारा. कान सेल्फकडे आणि डोळे सायलेन्सरकडे ठेवा. हेडलाइट चालू ठेवून मारलात तर आणखी बरं.

- चावी फिरवली, काहीच आवाज नाही, लाइट मात्र लख्ख: करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. क्लच स्विच, चावी, सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची) बारीक वायर.
- कटकटकट असा आवाज, लाइट मालवल्यासारखी: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब.
- एकच ठोका, लाइट एकदम बसते, इंजिन हलत नाही: बॅटरी, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीला जोडलेली वायर), नाहीतर सेल्फ अडकला.
- इंजिन कण्हत, थांबत थांबत फिरतं: बॅटरी, अर्थिंग, घट्ट ऑइल किंवा घासलेला सेल्फ.
- इंजिन गरागरा फिरतं, सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही: डिझेल सिलिंडरमध्ये जातच नाही.
- गरागरा फिरतं, पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबतो, पण उचलत नाही: डिझेल जातंय, पेटत नाही. उष्णता कमी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) कमी किंवा नोझल फवारा न मारता नुसता मुततोय.
- चालू होतो, दहा-पंधरा सेकंदांत धाप लागून बंद पडतो: एअर घेतोय (डिझेलच्या वाटेत हवा शिरतेय) किंवा फिल्टर तुंबलाय.

माझ्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये दुसरं, चौथं आणि शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त. पांढऱ्या धुराचे त्या मानानं थोडे, आणि खर्चिक तेच.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फ काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो, त्यातून शेकडो अँपिअर करंट जातो, वाइंडिंग तापून जळतं. आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये थांबल्यावर बॅटरीही थोडी सावरते. तीन प्रयत्नांत उचलला नाही तर चौथा मारून काही उपयोग नाही, खाली उतरा.

फुकटातल्या गोष्टी

स्टॉपर, म्हणजे इंजिन बंद करायचा नॉब, बघा. तो ओढून इंजिन बंद केलं की नॉब परत पूर्ण आत गेला पाहिजे. केबल गंजलेली असली की नॉब आत जातो पण डिझेल पंपावरची लिव्हर मागे येत नाही. बॉनेट उघडून पंपावरची लिव्हर बोटानं हलवून खात्री करा. या एका कारणासाठी लोकांनी पंप उतरवलेले मी पाहिलेत. नव्या ट्रॅक्टरांत केबलऐवजी सोलेनॉइड असतो, तिथे चावी ऑन केल्यावर पंपापाशी टिक असा आवाज आला पाहिजे.

क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय करंटच मिळत नाही. ज्यांत मिळतो, तिथंही दाबा, कारण गिअरबॉक्समधलं ऑइल गार सकाळी काकवीसारखं झालेलं असतं. क्लच दाबला नाही तर सेल्फला इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचे शाफ्टही त्या ऑइलातून फिरवावे लागतात, काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंपसुद्धा. पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद, गिअर न्यूट्रल, हात रेस निम्म्यापर्यंत.

मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी हीटरची सवय लावून घ्या. बागेत फिरणाऱ्या बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत ग्लो प्लग असतात, कारण त्यांत डिझेल आधी एका छोट्या खोलीत उडतं आणि तिथं उष्णता पटकन निघून जाते. चावी हीटच्या खुणेवर पाच ते दहा सेकंद धरायची, मग सेल्फ. कित्येक जण ट्रॅक्टर घेतल्यापासून चावी सरळ सेल्फवर नेतात. उन्हाळ्यात चालतं, थंडीत अडतं. मोठ्या ट्रॅक्टरांत ग्लो प्लग सहसा नसतात. काहींत हवेच्या मॅनिफोल्डमध्ये हीटर असतो, काही जुन्या पंपांच्या बाजूला जास्त डिझेल सोडायचं बटण असतं. तुमच्या ट्रॅक्टरात यातलं काय आहे ते सोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत आरसीच्या फाइलमध्ये, न उघडलेलं सापडतं.

डिझेल किती आहे ते काट्यावर विसंबून न राहता टाकीचं झाकण काढून बघा. डिझेलचा कॉक रात्री बंद केला असेल तर उघडा.

टर्मिनल आणि अर्थिंग

इथं जरा थांबून काम करा, कारण थंडीतल्या तक्रारींचा मोठा हिस्सा इथंच मिटतो.

बागेत ब्लोअर चालवणाऱ्या ट्रॅक्टरवर फवारा उलटून बसतो. त्यात मोरचूद असतं, गंधक असतं. ते बॅटरीच्या टर्मिनलवर, अर्थिंगच्या वायरवर, सेल्फच्या नटावर साचतं. वरून बॅटरीतल्या आम्लाची वाफ. हिरवट-पांढरी भुकटी दिसली की समजून घ्या. पण खरा अडथळा पोल आणि टर्मिनल यांच्या मधोमध, आतल्या बाजूला काळपट थर होऊन बसतो, तो बाहेरून दिसत नाही. टर्मिनल हातानं घट्ट लागतं, लाइट लागते, हॉर्न वाजतो. हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात, ते त्या थरातून निघून जातात. सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर तिथं अडतात.

आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. हा क्रम यासाठी की पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होणार नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भुकटी धुवा, पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पोल आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा. बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग टर्मिनल बसवू नका.

मग निगेटिव्हच्या वायरचं दुसरं टोक शोधा. ती चासीला किंवा इंजिनाला बोल्टनं आवळलेली असते, आणि त्या बोल्टखाली रंग, गंज, माती काहीही असतं. तो बोल्ट काढून खालची जागा लोखंड दिसेपर्यंत घासा. बॅटरी नवी टाकली तरी फरक पडला नाही, असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचं दुखणं या बोल्टपाशीच मिळतं.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करायची गरजच नाही. स्टॉपर ओढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, गिअर न्यूट्रल, सीटवर एक माणूस. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलच्या शिशावर (टर्मिनलवर नाही), दुसरी इंजिनाच्या स्वच्छ बोल्टवर. सेल्फ मारताना मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. तसंच पॉझिटिव्ह पोल आणि सेल्फच्या जाड नटामध्ये. नवीन मीटर चारशे-पाचशे रुपयांत येतं, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यानं घरात ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर थंडीत उचलायची आशा सोडा आणि चार्जिंगला द्या. पण उभ्या व्होल्टेजवर पूर्ण विश्वास नको, मेलेली बॅटरीही चार्जिंगवरून काढल्या काढल्या छान आकडा दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी खचलीय, किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतोय. दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर तसाच घसरला तर दोष सेल्फचा.

सेलची झाकणं असतील तर पाणी बघा. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. फिल्टरचं किंवा बोअरचं पाणी नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आम्लही घालू नका, ते उडत नाही, उडतं ते पाणी. बॅटरीवाल्याकडे हायड्रोमीटर असतो. एका सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली.

नवी बॅटरी टाकायच्या आधी चार्जिंग तपासा. इंजिन चालू, रेस मध्यम, बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास मिळालं पाहिजे. त्याहून कमी असेल तर बेल्ट ढिला किंवा अल्टरनेटरमध्ये दोष. ते तसंच ठेवून नवी बॅटरी बसवली तर पुढच्या महिन्यात तीही बसेल. थंडीत आणखी एक होतं: पहाटे लाइट लावून बागेत जायचं, अर्ध्या तासात परत यायचं, पुन्हा बंद. जेवढं काढलं तेवढं भरलंच जात नाही.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरून केबल लावायची असेल तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्हचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीवर न लावता त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. विडी-सिगारेट लांब.

ऑइल

इंजिन कण्हत फिरतंय आणि बॅटरी-अर्थिंग दोन्ही चोख निघाले, तर ऑइलच्या डब्यावरचा आकडा आठवा. आपल्याकडे २०डब्ल्यू४० सर्रास घालतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल गार असताना पातळ. कंपनीच्या पुस्तकात १५डब्ल्यू४० चालतं असं लिहिलं असेल तर दिवाळीनंतरच्या सर्व्हिसिंगला ते घाला. इंजिन जुनं झालं म्हणून मुद्दाम जाड ऑइल घालणारे आहेत; धूर थोडा कमी दिसतो, पण जानेवारीत सेल्फ रडतो.

डिझेल, पाणी आणि एअर

इंजिन जोरात फिरतंय पण धूर नाही, किंवा चालू होऊन बंद पडतंय. आता बॅटरीचा विषय संपला, डिझेलच्या वाटेनं चला.

पहिला संशय पाण्याचा. टाकी अर्धी रिकामी ठेवून ट्रॅक्टर उघड्यावर लावला की रात्रीच्या गारव्यानं टाकीतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमतो आणि तळाशी जातो. फिल्टरखाली काचेची वाटी किंवा ड्रेनचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून थोडं डिझेल काढा. पाणी तळाला वेगळं बसलेलं दिसतं. पाणी निघेपर्यंत काढा, आणि उद्यापासून टाकी संध्याकाळी भरून ठेवा. पाणी फक्त चालू होऊ देत नाही एवढंच नाही, ते पंप आणि नोझलच्या आतली पॉलिश खातं, आणि तो खर्च मोठा.

दुसरा मुद्दा साठवलेल्या डिझेलचा. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात ते सुटं होऊन फिल्टरवर बसतं. आयएस १४६० या भारतीय मानकात थंडीचं आणि उन्हाळ्याचं डिझेल वेगळं मानलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकल्या जाणाऱ्या डिझेलला फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश, बाकीच्या महिन्यांत १८ अंश. म्हणजे मे-जूनमध्ये ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबरच्या पहाटे फिल्टरवर जमलं तर नवल नाही. अशा वेळी डिझेल गढूळ, पांढुरकं दिसतं आणि ऊन वर आलं की ट्रॅक्टर काही न करता चालू होतो. जुना साठा आधी संपवा आणि थंडीत टाकीत ताजं भरा. पातळ करायला रॉकेल मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेल ते कमी करतं.

फिल्टर किती तासांवर बदलला ते लिहून ठेवलेलं नसेल तर बदलूनच टाका. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधून कोमट डिझेल निघतं, गार घट्ट डिझेल निघत नाही.

तिसरा, एअर. ट्रॅक्टर संध्याकाळी चालतो, सकाळी चालू होऊन बंद पडतो, एअर काढली की दिवसभर मस्त, दुसऱ्या सकाळी परत तेच. एअर काढणं म्हणजे इलाज नव्हे. टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी हवा आत शिरतेय आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत सरकतंय. पाईप उकललेला, क्लिप ढिली, किंवा बँजो बोल्टखालचा (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचा) तांब्याचा वॉशर. हा वॉशर एकदा दाबला की चपटा होतो. फिल्टर बदलताना तोच परत वापरला की हमखास हवा घेतो. नवीन वॉशर चहाच्या किमतीत मिळतो.

शोधायचं कसं? सांधे कोरड्या फडक्यानं पुसून रात्री खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. ओल दिसली तर सापडलं. ओल दिसली नाही तरी हवा घेणारा सांधा असू शकतो, कारण ओढण्याच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. तिथं फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) आधी हातभर पारदर्शक डिझेल पाईप तात्पुरता लावून बघा, बुडबुडे दिसतात. एकेक सांधा नवीन वॉशरनं आवळत टाकीकडे चला.

एअर काढायचा क्रम टाकीकडून पंपाकडे. पहिल्या फिल्टरचा स्क्रू ढिला करा, फीड पंपाची हाताची लिव्हर मारा, फेस थांबून सरळ डिझेल आलं की लिव्हर दाबलेली असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. जुन्या साध्या पंपाच्या ट्रॅक्टरात एवढ्यावर भागलं नाही तर नोझलकडचे पाईपचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारतात. ते करताना हात आणि तोंड लांब ठेवा. दाबाखाली उडालेलं डिझेल कातडीच्या आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

एअर क्लीनर आणि ग्लो प्लग

ऑइल बाथ क्लीनरची (ऑइलमध्ये धूळ पकडणाऱ्या एअर क्लीनरची) वाटी काढून बघा. तळाला चिखल झाला असेल किंवा खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर इंजिनाला श्वास मिळत नाही. चालू झाल्यावर काळा धूर ओकत असेल तर हे आधी.

ग्लो प्लगची वायर सोडून मीटरवर कंटिन्युइटी बघा. चांगला प्लग जवळजवळ शॉर्ट दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. तीनपैकी एक गेला तरी सकाळी एका सिलिंडरचा पांढरा धूर आणि थरथर जाणवते. एक गेला तर तिन्ही बदला, वय सारखंच असतं.

हे करू नका

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं, पेट्रोलचा किंवा ईथरचा स्प्रे मारणं: ग्लो प्लग किंवा हीटर असलेल्या इंजिनात हा स्फोटच. नसलेल्या इंजिनातही ईथर वेळेआधी पेटतं आणि रिंगा, पिस्टन फोडतं. इंजिनाला त्याची सवय लागते असं म्हणतात, त्यातलं तथ्य एवढंच की दर वेळी थोडं कॉम्प्रेशन कमी होत जातं.

ऑइल चेंबरखाली गोवऱ्या पेटवणं: खाली गळलेलं डिझेल, वर वायरिंग, बाजूला बहुतेक वेळा कडब्याची गंज. रेडिएटरमध्ये कोमट पाणी घालून थोडी मदत होते, ते चालेल. उकळतं पाणी गार ब्लॉकमध्ये ओतलं तर तडा जातो.

सेल्फच्या दोन नटांवर पाना टेकवून चालू करणं. हे सगळ्यात वाईट. जमिनीवर, चाकाच्या पुढे उभं राहून माणूस क्लच स्विच आणि न्यूट्रलची सोय दोन्ही चुकवून सेल्फ मारतो. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर चालू होताच पुढे सरकतो आणि मोठं चाक अंगावर येतं. वायर बदलायला पन्नास-शंभर रुपये लागतात. सीटवर बसल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करायचा नाही, बस.

ओढून चालू करायचाच झाला तर साखळीनं, सपाट जागी, वरच्या गिअरमध्ये, आणि दोन्ही ट्रॅक्टरांवर जाणती माणसं. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड असतं हे लक्षात ठेवा.

चालू झाल्यावर लगेच रेस वाढवू नका. ऑइलचा दिवा विझू द्या, दोन-तीन मिनिटं मंद चालू द्या. आणि उन्हाळ्यात गरम होतो म्हणून कुणी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला असेल तर तो परत बसवा. त्याच्याविना इंजिन थंडीत तासभर तापत नाही, पांढरा धूर रेंगाळतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

इथं थांबा, मिस्त्रीला बोलवा

बॅटरी चोख, सेल्फ जोरात, डिझेल बुडबुड्यांशिवाय पंपापर्यंत येतंय, हीटर चालू, तरी पांढरा धूर सोडून उचलत नाही. आता राहिलं नोझल, पंप, टायमिंग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन. यातलं काहीही मळ्यात पाने घेऊन बसायचं काम नाही. नोझलचा दाब आणि फवारा टेस्टिंग स्टँडवरच कळतो. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला तर पुन्हा जागेवर आणायला कॅलिब्रेशनचा बेंच लागतो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून) धूर फुंकतोय, ऑइल खातोय आणि गरम असताना मात्र लगेच उचलतो, अशी तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर बोअरचं (सिलिंडर-पिस्टनचं) काम निघण्याची तयारी ठेवा. मिस्त्रीकडून आधी टॅपेट तपासून घ्या. टॅपेट घट्ट असल्यानंही व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं, ते अर्ध्या तासाचं काम आहे.

सेल्फ उतरवून खोलायचा असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. बहुतेक वेळा कार्बन आणि बुश बदलून भागतं. जुना देऊन नवा घ्यायची घाई नको.

जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यांत सीआरडीआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली जास्त दाबानं डिझेल फवारणारी) इंजिनं आली. अशा ट्रॅक्टरात डिझेलचा एकही हाय प्रेशर पाईप ढिला करू नका. दाब हजार बारच्या वर असतो, आणि डॅशबोर्डवर आलेला कोड स्कॅनरशिवाय वाचता येत नाही. तुम्ही टर्मिनल, अर्थिंग, फिल्टरमधलं पाणी एवढंच बघायचं आणि फोन लावायचा. वॉरंटीतला कुठलाही ट्रॅक्टर असेल तरी तसंच.

फोन लावताना 'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज किती, इंजिन कसं फिरतं, धूर कुठला, ऊन वर आल्यावर उचलतो का, फिल्टर कधी बदलला, हे पाच मुद्दे सांगा. मिस्त्री मग नोझलचा पाना घेऊन येईल की बॅटरी, हे घरूनच ठरतं, नाशिकला एक हेलपाटा वाचतो. आणि पंप बेंचवर पाठवायची वेळ आलीच तर सगळे नोझल त्याच्याबरोबरच द्या, नाहीतर पंप बसवल्यावर तेच नोझल पुन्हा उतरवायची मजुरी द्यावी लागेल.